परवलीचा शब्द आणि माणसाचे मन

१३ मे २०२४ रोजी जालना लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. मतदान सुरू होण्यापूर्वी दीड तास आधी प्रत्येक केंद्रावर अभिरूप मतदान घेण्याचा नियम आहे. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष यंत्रात किमान ५० मते नोंदवावयाची, ती मोजून दाखवावयाची, पुसून टाकावयाची, आणि मग यंत्राला मोहोर लावून तीवर प्रतिनिधींच्या सह्या घ्यावयाच्या. सायंकाळी मतदान संपले की १७-क नमुन्यात मतांचा हिशेब लिहून त्याची प्रत प्रतिनिधींच्या हाती द्यावयाची. मे महिन्यातील मराठवाड्याचे ऊन, शाळेची एक खोली, रात्री उशिरापर्यंत साहित्य जमा करण्याची रांग, आणि तरीही ही कामे बिनचूक करावी लागतात. केंद्राध्यक्ष चहा घेण्यासाठीसुद्धा यंत्र सोडून बाहेर जात नाही, हे ज्यांनी निवडणुकीचे काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

हे केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी असतात तरी कोण? जिल्हा परिषदेचे शिक्षक, मुख्याध्यापक, ग्रामसेवक, निरनिराळ्या कार्यालयांतील लिपिक. निवडणूक संपते आणि ते आपापल्या कामावर परततात. मग त्यांच्यापैकीच एखाद्या मुख्याध्यापकाच्या खोलीत शाळेच्या संकेतस्थळाचा पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर शाईने लिहिलेला आढळतो. एखाद्या ग्रामसेवकाची डिजिटल स्वाक्षरी, जिला गावोगाव ‘डोंगल’ म्हणतात, ती संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात कायमची मुक्कामाला असते. यंत्राची मोहोर प्राणपणाने जपणारा माणूस आपल्या नावाची इलेक्ट्रॉनिक मोहोर मात्र दुसऱ्याच्या हाती सहज सोपवितो. माणूस तोच, त्याचा प्रामाणिकपणाही तोच. असे असता एक नियम पाळला जातो आणि दुसरा का पाळला जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अंबड आणि घनसावंगी

हा विचार केवळ पुस्तकी नव्हे, हे जालना जिल्ह्याला २०२५ साली कळून चुकले. अतिवृष्टी, पूर, गारपीट यांनी पिकांची हानी झाली म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्तपणे पंचनामे करतात. त्यावरून बाधित शेतकऱ्यांच्या याद्या तयार होतात आणि त्या तहसील कार्यालयाच्या लॉगिनमधून संगणकप्रणालीवर चढविल्या जातात. प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावकरी त्याला ‘व्हीके नंबर’ म्हणतात. तो क्रमांक घेऊन शेतकरी सेवा केंद्रात जातो, आधारसाठी अंगठा देतो आणि रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते. मधला हात राहू नये हाच या व्यवस्थेचा उद्देश आहे.

२०२२ ते २०२४ या काळातील अशा अनुदानाच्या वाटपात अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत अपात्र व बनावट लाभार्थी दाखवून सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा प्रकार चौकशीत पुढे आला. कर्मचाऱ्यांची निलंबने झाली, गुन्हा नोंदविण्यात आला. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यात शिरण्याचा या लेखाला अधिकार नाही व तसा हेतूही नाही. मात्र चौकशीतून बाहेर आलेली एक बाब आपल्या विषयाची आहे. वरिष्ठांच्या नावाचे लॉगिन आणि पासवर्ड खालच्या स्तरावर वापरले गेले, असे त्या वेळी सांगण्यात आले.

हे वाचून पुष्कळांच्या मनात संताप उत्पन्न झाला असेल. परंतु ज्यांनी तालुक्याचे कार्यालय आतून पाहिले आहे, त्यांच्या मनात संतापाबरोबरच थोडीशी अस्वस्थताही उमटली असली पाहिजे. कारण पासवर्ड प्रथम दिला जातो तो बहुधा चांगल्या कामासाठीच. याद्या हजारो नावांच्या असतात. दिवसा सर्व्हर संथ चालतो म्हणून कर्मचारी रात्री बसतात. दिवाळीपूर्वी अनुदान वाटावे असा आग्रह असतो. लॉगिन एकच आणि ज्यांच्या नावाचे ते आहे ते अधिकारी कधी जिल्ह्याच्या बैठकीत, कधी बंदोबस्तावर, कधी न्यायालयीन कामात. अशा वेळी ‘हा घे पासवर्ड आणि काम उरकून टाक’ हे वाक्य कोणत्याही कटाचा भाग नसते. काम संपते, रक्कम खऱ्या शेतकऱ्यांनाच मिळते, सर्वांची वाहवा होते. पुढच्या वर्षी तोच पासवर्ड पुन्हा दिला जातो. तिसऱ्या वर्षी तो मागावाही लागत नाही. कोणाच्या मनात पाप उत्पन्न व्हायचे असेल तर ते या वाटेवर कुठेतरी होते. वाट मात्र प्रामाणिक माणसांनी आधीच तयार करून ठेवलेली असते.

ज्ञान आणि भय

नियम मोडला गेला की दोन उपाय तातडीने सुचतात. एक प्रशिक्षणाचा, दुसरा शिक्षेचा. दोन्ही आवश्यकच आहेत, पण त्यांच्यावर जितका भार टाकला जातो तितका त्यांना पेलत नाही.

पासवर्ड कोणालाही देऊ नये हे ठाऊक नसलेला कर्मचारी आज शोधूनही सापडणार नाही. प्रशिक्षणवर्गात धोक्यांची चित्रे दाखविली जातात, फसवणुकीच्या गोष्टी सांगितल्या जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये एक सिद्धांत मांडला. धोका मोठा आहे आणि तो आपल्यावर येऊ शकतो एवढे पटल्याने माणूस सावध होत नाही. सांगितलेला उपाय खरोखर उपयोगी पडेल, हे त्याला पटावे लागते. पुढे याच सिद्धांतात, तो उपाय आपल्याला जमेल असा स्वतःविषयीचा विश्वास, या घटकाचीही भर पडली. हा विश्वास नसेल तर भय दाखविल्याने माणूस उपायाकडे न वळता भयाकडेच पाठ फिरवितो. आपल्या कार्यालयांत याचा प्रत्यय पावलोपावली येतो. वयाची पन्नाशी ओलांडलेले कित्येक अधिकारी आणि मुख्याध्यापक संगणकाच्या बाबतीत संकोची असतात. कायदा, नियमावली, टिपणी यांत त्यांचा हात धरणारा कोणी नसतो, पण पडद्यावर नेमके कोठे बोट ठेवावे हे कनिष्ठास विचारणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा पासवर्डच देऊन टाकणे सोपे. ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही आणि कोणत्याही चौकशी अहवालात ती येत नाही. पण पासवर्ड हातोहात फिरण्यामागे हे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

शिक्षेचे म्हणावे तर कायद्यात कमतरता नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६-ग अन्वये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पासवर्ड देणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील कर्तव्यपरायणतेची तरतूद लागू आहेच. तथापि इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्येच लिहून ठेवले आहे की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या निश्चिततेने. पासवर्ड दिल्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचे कार्यालयातील किती जणांनी पाहिले आहे? जे होते ते अपहार उघडकीस आल्यावर. त्याआधी शेकडो वेळा तोच नियम मोडला गेलेला असतो आणि काहीही घडलेले नसते. काही न घडण्याचा प्रत्येक दिवस हा त्या कर्मचाऱ्याला मिळालेला एक धडाच असतो, आणि तो प्रशिक्षणवर्गातील धड्यापेक्षा पक्का बसतो.

सबबींचे सामर्थ्य

ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांविषयी एक सिद्धांत मांडला होता. नियम मोडणारा मुलगा नियम मानीत नाही असे नसते. तो नियम मानतो, म्हणूनच मोडताना त्याला सबब लागते. ज्याला नियम मान्यच नाही त्याला सबबीची गरज काय? पुढे २०१० मध्ये मिक्को सिपोनेन आणि अँथनी व्हान्स या संशोधकांनी हाच विचार कार्यालयीन कर्मचाऱ्यांना लावून पाहिला. फिनलंडमधील कर्मचाऱ्यांच्या त्या पाहणीत, माहितीसुरक्षेचे नियम मोडण्याचा कल शिक्षेच्या भयापेक्षा या सबबींवर अधिक अवलंबून असल्याचे दिसून आले.

त्या सबबी इंग्रजीतून आणण्याची जरुरी नाही. आपल्या कार्यालयांत त्या रोज कानावर पडतात. ‘साहेबांनीच सांगितलं, मी काय करणार?’ ही जबाबदारी झटकणारी सबब. ‘कोणाचं काय नुकसान झालं?’ ही हानी नाकारणारी. ‘वरचे तरी कुठे पाळतात?’ ही नियम करणाऱ्यावरच बोट दाखविणारी. ‘सगळीकडे असंच चालतं’ ही तर सर्वांत जुनी, आणि बहुतेक वेळा खरीही.

यांतील सर्वांत प्रतिष्ठित सबब मात्र निराळी आहे. ‘नाहीतर शेतकऱ्याचे पैसे अडले असते.’ ‘मुलांची शिष्यवृत्ती परत गेली असती.’ ही उच्चतर निष्ठेची सबब होय. तिचे बळ असे की ती खोटी नसते. नियम एका बाजूला आणि माणसाचे भले दुसऱ्या बाजूला असे जेव्हा दिसते, तेव्हा भला कर्मचारी नियम मोडतो, आणि ते करताना आपण चांगले काम केले अशीच त्याची भावना असते. त्याला बेपर्वा म्हणून फटकारण्यात अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने नियमाचे पालन हीच बेपर्वाई असते.

येथे दोष नियमाकडेही जातो. अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सासे यांचा एक निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वापरणारा माणूस हा सुरक्षेचा शत्रू नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कामाच्या ओघात न बसणारे नियम लादले की माणसे ते चुकवितात आणि नियम करणारे त्यांना बेजबाबदार ठरवितात. पुढे २००८ मध्ये सासे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमपालनाची कल्पना एका अंदाजपत्रकाप्रमाणे मांडली. सुरक्षेसाठी त्रास सोसण्याची प्रत्येक माणसाची एक मर्यादा असते. ती शिलकीतून रोज थोडी खर्च होते. किरकोळ नियमांवरच ती संपली तर महत्त्वाच्या नियमासाठी काही उरत नाही. अमेरिकेतील मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये सुचविले होते की पासवर्डात चिन्हे व अंक मिसळावेत आणि तो ठरावीक मुदतीने बदलावा. जगभर तो नियम झाला. माणसांनी काय केले? मागच्या पासवर्डापुढे एक अंक वाढविला आणि तो कागदावर लिहून ठेवला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीने तो बदलावयास लावू नये, असा सल्ला दिला, आणि मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी आपल्याला त्या सल्ल्याचा खेद वाटतो असे जाहीरपणे सांगितले. नियम करणाराही चुकतो व चूक कबूल करतो हे पाहिले म्हणजे उरलेल्या नियमांविषयी आदर वाढतो, असे निदान माझे तरी मत आहे. दिनदर्शिकेवर पासवर्ड लिहिणाऱ्या त्या मुख्याध्यापकाकडे पाहतानाही, त्याला किती संकेतस्थळांचे किती पासवर्ड सांभाळावे लागतात हे आधी मोजून पाहावे.

विश्वासाची किल्ली

आपल्या समाजात याहूनही खोल असे एक कारण आहे. गावाला जाताना आपण शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवतो. किल्ली देणे ही विश्वासाची खूण आहे आणि ती न देणे हा अविश्वास. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या प्रश्नापुढे भलेभले नमतात. पासवर्ड मागणाऱ्या सहकाऱ्याला नाही म्हणणे म्हणजे त्याला चोर म्हणणे, असे देणाऱ्यालाही वाटते आणि घेणाऱ्यालाही.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी मी चार दिवसांची रजा घेतली. देयके माझ्या लॉगिनमधून जात असत. निघण्यापूर्वी मी माझ्या विभागातील लिपिकाला बोलावून पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. त्याने ती हातात घेतली नाही. तो म्हणाला, ‘साहेब, हे मला नको. उद्या काही कमीजास्त झालं तर तुम्हाला माझा संशय येईल, आणि तो मला खोडता येणार नाही. मी केलं नाही हे दाखवायला माझ्याजवळ काय आहे?’ त्या क्षणी मला राग आला हे कबूल केले पाहिजे. लग्नघरी पोहोचेपर्यंत तो ओसरला. देयके चार दिवस थांबली, दोघांचे फोन आले, आकाश काही कोसळले नाही. पासवर्ड न देणे हे देणाऱ्याच्या रक्षणासाठी असते, एवढेच मला तोवर माहीत होते. न घेणाऱ्याचेही त्यात रक्षण आहे हे त्या लिपिकाने मला शिकविले. पासवर्ड दोघांजवळ असला की दोघांपैकी कोणालाही आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही.

आपल्या परंपरेत हे शहाणपण नव्हते असे नाही. परवलीचा शब्द हा मुळी पहाऱ्याचाच शब्द आहे. शिवाजी महाराजांच्या काळी किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस या तिघांत वाटून दिलेला असे. किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन, हिशेब व हजेरी सबनिसाकडे, सामानसरंजाम कारखानिसाकडे. एकट्याच्या हाती संपूर्ण किल्ला कधीच नव्हता. आणि यात आपला अपमान झाला असे त्यांच्यापैकी कोणी मानल्याचे ऐकिवात नाही. कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धतही याच जातीची आहे. दोन किल्ल्या दोघांजवळ आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडावयाचे नाही. कोषागार अधिकाऱ्याने रोखपालाला ‘तुमच्यावर विश्वास आहे, माझी किल्लीही तुम्हीच ठेवा’ असे म्हटले तर रोखपालच दचकेल. तेथे विश्वासाचा प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण नियम व्यक्तीकडे पाहून केलेला नसून तिजोरीकडे पाहून केलेला आहे, हे दोघांनाही ठाऊक असते.

ग्रामपंचायतीच्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत हीच दुहेरी कुलपाची योजना आहे. देयक एकाने तयार करावयाचे आणि दुसऱ्याने तपासून मान्य करावयाचे, ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी. दोन्ही डोंगल एकाच खणात ठेवले की ही योजना कागदावर राहते आणि तिजोरीला एकच कुलूप उरते.

मग लोखंडी किल्ली जपणारा माणूस पासवर्ड का जपत नाही? मला वाटते, याचे कारण वस्तूच्या स्वरूपातच आहे. किल्ली दिली की खिसा रिकामा होतो आणि ती परत मिळेपर्यंत मनाला चुटपुट लागून राहते. पासवर्ड दिला तरी तो आपल्याजवळ असतोच, त्यामुळे आपण काही दिले आहे याची जाणीवच होत नाही. किल्लीचा कार्यभार नोंदवहीत लिहून, सही घेऊन दिला जातो. पासवर्ड भ्रमणध्वनीवरून, चालता चालता दिला जातो, आणि परत घेण्याचा तर प्रघातच नाही.

वरिष्ठ, कनिष्ठ आणि दूरचा माणूस

एक अडचण मात्र किल्लीच्या उदाहरणाने सुटत नाही. माझ्या लिपिकाने नकार दिला, पण तो त्याच्या स्वभावाचा भाग होता. प्रत्येक कनिष्ठाला वरिष्ठापुढे असे बोलता येईल काय? येल विद्यापीठातील स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांचे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग शिक्षकांना डी.एड., बी.एड.च्या अभ्यासातून कदाचित परिचित असतील. प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यावयाचे होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. त्याच प्रयोगमालेतील दुसरे दोन आकडे आपल्या कामाचे आहेत. झटके सोसणारा माणूस त्याच खोलीत, डोळ्यांसमोर बसविला तेव्हा ४० पैकी १६ जणच शेवटपर्यंत गेले. आणि शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी मध्येच नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त चौघे.

अनुदानाची यादी भरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खोलीत शेतकरी नसतो. पडद्यावर असतात ती नावे, गट क्रमांक, क्षेत्र आणि खाते क्रमांक. वरखेडीचा असो की वडीगोद्रीचा, ज्याची कपाशी पाण्यात सडली तो माणूस त्या चौकटीत मावत नाही. पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभा राहून ज्याने ते शेत पाहिले, त्याच तलाठ्याला रात्री संगणकासमोर ते शेत दिसेनासे होते. शाळेतही असेच. प्रणालीवर चढविलेली विद्यार्थ्यांची माहिती म्हणजे खरोखरीच्या मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक आणि घरचा पत्ता. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी विशेष तरतुदी केल्या आहेत. शिक्षकाला त्या कलमांपेक्षा वर्गातील दुसऱ्या बाकावरची मुलगी आठवली तर अधिक उपयोग होईल.

आता पुन्हा मतदान केंद्राकडे वळू. तेथे नियम पाळला जातो, कारण तेथे तो एकट्याने पाळावयाचा नसतो. मोहोर डोळ्यांना दिसते. साक्षीदार समोर बसलेले असतात आणि ते परस्परविरोधी पक्षांचे असतात. प्रत्येक टप्प्यावर सही होते. केंद्राध्यक्षाने नियम सोडून काही करावयाचे ठरविले तरी त्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क खोलीतील सर्वांत कनिष्ठ प्रतिनिधीलाही असतो. शिवाय ज्यांचे मत यंत्रात आहे ते मतदार बाहेर रांगेत उभे असतात. टॉम टायलर यांनी शिकागो शहरातील नागरिकांची पाहणी करून १९९० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात माणसे कायदा पाळतात ते मुख्यत्वे शिक्षेच्या भयाने नव्हे, तर कायदा राबविणाऱ्यांची रीत न्याय्य वाटते म्हणून, असा निष्कर्ष आहे. मतदानाच्या खोलीत प्रत्येकाला ती रीत न्याय्य वाटते, कारण ती सर्वांना सारखी लागू असते आणि सर्वांच्या देखत चालते.

तहसील कार्यालयात किंवा शाळेत ही रीत आणणे फार खर्चाचे नाही. रजा मंजूर करतानाच, त्या काळात कोणाच्या स्वतंत्र लॉगिनने काम चालेल, हे त्याच आदेशात लिहिता येते. ज्याला माहिती भरावयाची आहे त्याला त्याच्या नावाचे, माहिती भरण्यापुरतेच लॉगिन द्यावे आणि मान्यतेचे वेगळे असावे. ज्या प्रणालींत अशी सोय नाही, त्यांच्याविषयी कार्यालयप्रमुखांनी लेखी मागणी वर पाठवावी. कामाचा रेटा आणि एकच लॉगिन, असा पेच वर्षानुवर्षे कायम ठेवून कर्मचाऱ्याकडून नियमपालनाची अपेक्षा करणे म्हणजे त्याला सबब तयार करून देणेच होय. कार्यभार देताघेताना ज्या यादीत किल्ल्या, शिक्के आणि नोंदवह्या लिहिल्या जातात, त्या यादीत ‘जुना पासवर्ड बंद केला, नवा घेतला’ अशी एक ओळ वाढवावी. संकोची अधिकाऱ्याला आठवड्यातून एक तास, दार बंद करून, त्याच्याच कनिष्ठाने प्रणाली शिकवावी. मला स्वतःला ती अशीच शिकावी लागली, आणि शिकविणारा तोच चिठ्ठी नाकारणारा लिपिक होता.

राहिला दूरच्या माणसाचा प्रश्न. त्याला खोलीत आणण्याची जागा ग्रामपंचायतीजवळ आहे. अनुदानाची यादी प्रणालीवर मान्य होण्यापूर्वी ती चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. एका गावाच्या यादीचे वाचन तासाभरात होते. कोणाच्या नावावर जमीन नाही, कोण कधीचा पुण्याला जाऊन राहिला आहे, कोणाचे क्षेत्र दीड एकराचे अडीच एकर झाले आहे, हे पारावर बसलेल्या माणसांना सातबारा न पाहता सांगता येते. आणि यादीत ज्याचे नाव यावयास हवे होते पण आले नाही, तो शेतकरी त्या वेळी तेथे उभा असतो.